दुष्काळ इतिहासाच्या तासालाही शिकवा

पदवीच्या वर्गात हवामान बदल भेटतो तो बहुधा 'पर्यावरण'च्या सक्तीच्या पेपरात. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये पर्यावरण शिक्षणाचा आग्रह धरला आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. हेतू उत्तम होता. पण कला शाखेच्या मुलांसाठी तो पाठांतराचा पेपर झाला. परीक्षा संपली की विषयही संपतो. हवामान बदल इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि मराठीच्या तासाला, त्या त्या विषयाच्या अंगाने शिकवायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

महाराष्ट्रात त्यासाठी लांब जावे लागत नाही. १८७६-७७चा दख्खनचा दुष्काळ घ्या. प्रशांत महासागरातल्या प्रबळ एल निनोने पाऊस हिरावला, हे विज्ञान झाले. पण माणसे का मेली? भारतातून धान्याची निर्यात चालूच होती. सरकारचा दूत रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामांवरच्या मजुराची मजुरी घटवून दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा एवढी ठरवली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एवढ्यावर जगायचे होते. मुंबई इलाख्यात मजुरांनी या कपातीविरुद्ध कामे सोडली आणि पुण्याची सार्वजनिक सभा ही संस्था त्यांच्या बाजूने उभी राहिली. माइक डेव्हिस या अभ्यासकाने याच काळावर मोठा ग्रंथ लिहिला आहे.

आता शेजारी १९७२चा दुष्काळ ठेवा. एल निनो तेव्हाही होता, पिके तेव्हाही करपली. पण मे १९७३मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती आणि १८७७सारखा मृत्यूचे तांडव झाले नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर रुजली. १९७७मध्ये तिचा कायदा झाला. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी उपासमारीचा संबंध धान्याच्या साठ्यापेक्षा ते मिळवण्याच्या हक्काशी का जोडला, हे या दोन दुष्काळांवरून मुलांना जितके समजेल तितके व्याख्या घोकून समजणार नाही.

मराठी विभागाकडे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आहेच. दुष्काळात गाव उठते, मेंढरे घेऊन माणसे पांगतात; या कादंबरीवर स्थलांतराचा प्रश्न एकदा तरी विचारला जावा. समाजशास्त्राच्या वर्गात बीडचा ऊसतोड मजूर यावा: मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून धरला जाणारा एक कोयता, मागे राहिलेल्या मुलांची शाळा. राज्यशास्त्रात अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांचा १९९१चा निबंध वाचायलाच हवा. श्रीमंतांच्या चैनीतून आणि गरिबाच्या भातशेतीतून निघणारा हरितगृह वायू एकाच मापाने मोजू नका, असे त्यांनी तेव्हाच बजावले होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे माळढोक पक्ष्याच्या खटल्याचा २०२४चा निकाल आहे. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने त्यात समतेच्या आणि जगण्याच्या हक्काशी जोडला.

अडचण असते ती शिक्षकांची. 'आम्ही विज्ञानाचे नाही' ही त्यांची भीती खरी आहे. भूगोलाच्या सहकाऱ्याला एक तास बोलावून एल निनो समजावून घ्यावा. बाकीचे काम आपलेच आहे. प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून न आणता मुलांनी घरातल्या ज्येष्ठांना बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल विचारावे. कोणत्या कामावर होतात? हजेरी कोण घ्यायचे? वाटपातली मिलो ज्वारी आणि सुकडी कशी मिळायची? बायकांना मजुरी किती? गावातला कोणता बंधारा तेव्हाचा? उत्तरांशेजारी तालुक्याच्या पावसाची जुनी नोंद मांडावी आणि मग त्यावर वर्गात चर्चा व्हावी.