आधी ऊब, मग दूध

शेतावरच्या घरात माणसे एकटी कधीच राहत नाहीत. ओट्यावर कुत्रा, चुलीपाशी मांजर, गोठ्यात गाय-शेळ्या असतातच. वादळी पावसानंतर त्यांत एखादा न बोलावलेला पाहुणाही येतो. आंब्याची फांदी मोडते आणि खारीचे पिल्लू अंगणात पडते. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, हाताला गार लागते. घरातले कोणीतरी लगेच दूध आणि कापसाचा बोळा घेऊन धावते. हेतू चांगलाच असतो. पण पुष्कळदा पिल्लू दगावते. असे का व्हावे?

समजा, १ सेंमी बाजूचा एक घन आहे. त्याचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी आणि घनफळ १ घ. सेंमी. आता बाजू १० सेंमी करा. पृष्ठफळ ६०० होईल, तर घनफळ १०००. म्हणजे पहिल्या घनात दर घ. सेंमीमागे ६ चौ. सेंमी पृष्ठभाग आहे, दुसऱ्यात फक्त ०.६. उष्णता साठते शरीराच्या घनफळात आणि निसटते पृष्ठभागातून. म्हणून शरीर जितके लहान, तितके ते लवकर निवते. त्यात अंगावर केस नाहीत आणि आईची कूसही नाही.

पिल्लू भिजलेले असेल, तर संकट आणखी वाढते. शरीराच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५७५ कॅलरी लागतात. समजा, २० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगावर १ ग्रॅम पाणी आहे आणि ही सारी उष्णता त्याच्याच शरीरातून गेली. शरीराचा विशिष्ट उष्मा पाण्याइतका धरला, तरी तापमान जवळजवळ २९ अंशांनी उतरेल! प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून मिळते, काही शरीर स्वतः निर्माण करते. तरीही धोका किती मोठा, हे या आकड्यावरून कळते.

गारठलेल्या पिल्लाला नीट गिळता येत नाही; दूध श्वासनलिकेत जाऊ शकते. आतडीही मंदावलेली असतात. शिवाय गाईचे दूध पुष्कळ रानपिल्लांना सोसत नाही, जुलाब होतात. म्हणून आधी ऊब. पिल्लाला कापडाने अलगद उचलून कोरडे करा. खोक्यात जुने सुती कापड पसरा. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे फार गरम झाल्यास पिल्लाला सरकता येईल. बाटलीत पाणीच का? १ लिटर पाणी ५ अंशांनी निवताना ५००० कॅलरी देते. एवढी उष्णता साठवणारा स्वस्त पदार्थ दुसरा कोणता?

मग कुत्रा बांधा, मांजर घरात कोंडा आणि खोके त्याच झाडापाशी उंचावर ठेवा. पुष्कळदा आई पिल्लू उचलून नेते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत चुकीची आहे. आई आली नाही, तर वनविभागाला कळवा. मांजराने चावलेल्या पिल्लाला पशुवैद्याकडेच न्यावे. माकड, वटवाघूळ, कोल्हा यांच्या पिल्लांना मात्र हात लावू नका. चावल्यास रेबीजचा धोका असतो.

‘मग आपणच वाढवले तर?’ असे तुम्ही विचाराल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातले बहुतेक प्राणी पाळण्यास मनाई आहे. त्यामागे शास्त्रीय कारणही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी शिकारीत आई गमावलेली बिबटे, अस्वले, माकडे यांची पिल्ले मायेने वाढवली. पण माणसांत वाढलेल्या बिबट्याला शिकार कोण शिकवणार? त्याला माणसाची भीतीही उरत नाही. असा प्राणी सहसा रानात परतू शकत नाही. आपली ऊब काही तासांसाठी, पुढचे शिक्षण आईचे.

आता हा प्रयोग करून पाहा. दोन सारख्या पेल्यांत आणि एका लहान वाटीत सारखेच गरम पाणी भरा. एका पेल्याभोवती ओले फडके गुंडाळा. दर पाच मिनिटांनी तिन्हींचे तापमान वहीत नोंदवा आणि आलेख काढा. कोणती रेषा सर्वांत भराभर उतरते? भिजलेल्या पिल्लाजवळ आपल्याला किती वेळ असतो, हे ती रेषाच सांगेल.