हृदयाची शस्त्रक्रिया आणि मानेतील रोहिण्या

कंठाच्या एका बाजूस बोटे हलकेच टेकविली असता जे ठोके हातास लागतात, ते ग्रीवा-रोहिणीचे होत. मानेच्या दोन्ही बाजूंस असलेल्या या रोहिण्या मेंदूस मुख्यत्वे रक्त पुरवितात. स्वरयंत्राच्या वरच्या कडेजवळ प्रत्येकीस दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे, तर दुसरा मेंदूकडे जातो. नेमक्या या फाट्याशी, नळीच्या आतील अंगास, उतारवयात मेदयुक्त थर साचण्याचा संभव असतो.

हा थर मेंदूस कसा घातक ठरतो, हे कॅनडातील मज्जाविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९५१ साली विशद केले. थराचा तुकडा अथवा रक्ताची गुठळी सुटून मेंदूतील बारीक रोहिणीत अडकली, की पक्षाघात होतो. पुढे १९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात रोहिणीचा असा रोगट भाग काढून रक्तप्रवाह पूर्ववत करण्यात आला.

हृदयाच्या स्नायूस रक्त देणाऱ्या रोहिण्याही याच विकाराने अरुंद होतात. अशा वेळी पायातील नीला जोडून रक्तास पर्यायी वाट करून देणारी बायपास शस्त्रक्रिया अर्जेंटिनाचे शल्यविशारद रेने फावालोरो यांनी १९६७ पासून अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रूढ केली. परंतु ज्याच्या हृदयाच्या रोहिण्या रोगट, त्याच्या मानेतील रोहिण्या निर्दोष असतील असे गृहीत धरता येत नाही. हृदय वाचविताना मेंदूस इजा तर होणार नाही ना, ही चिंता येथूनच उद्भवते.

मानेची तपासणी सोपी व वेदनारहित आहे. त्वचेवरून श्राव्यातीत ध्वनिलहरी आत सोडतात. वाहत्या रक्तकणांवरून परतताना त्यांची कंप्रता बदलते व त्यावरून रक्ताचा वेग कळतो. हेच ते १८४२ साली ख्रिश्चन डॉप्लर यांनी मांडलेले तत्त्व. अरुंद घळीत नदी जशी वेगाने धावते, तसे अरुंद रोहिणीत रक्त धावते. म्हणून वेगावरून अडथळ्याचे प्रमाण अजमावता येते.

मग ही तपासणी बायपासपूर्वी सर्वांचीच का करू नये? बायपासनंतर शंभरांपैकी साधारण एक-दोन रुग्णांस पक्षाघात होतो. पण त्यांपैकी अनेकांत त्याचे मूळ मानेत नसून महारोहिणीतून सुटलेल्या कणांत किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे झालेल्या गुठळ्यांत असते. शिवाय मानेची शस्त्रक्रियाही निर्धोक नाही. मुख्यत्वे जर्मनीत झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ग्रीवा-रोहिणी अत्यंत अरुंद असूनही अलीकडे मेंदूविषयक लक्षणे न दिसलेल्या १२७ रुग्णांची तुलना केली गेली. मान व हृदय यांवर एकाच वेळी शस्त्रक्रिया झालेल्या गटात तीस दिवसांत पक्षाघात वा मृत्यू यांचे प्रमाण १८.५ टक्के, तर केवळ बायपास झालेल्या गटात ९.७ टक्के होते. रुग्णसंख्या अल्प असल्याने हा फरक निर्णायक मानता येत नाही. तथापि दोष सापडला म्हणजे तो त्वरित कापून काढावा, या समजुतीस त्याने आधार दिला नाही.

म्हणून वैद्यक निवड करतात. वार्धक्य, पायांतील रोहिण्यांचा विकार, हृदयाच्या डाव्या मुख्य रोहिणीतील अडथळा किंवा पूर्वीचा पक्षाघात असलेल्यांची मान आवर्जून तपासली जाते. अडथळा आढळल्यास शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब फार उतरू नये याची दक्षता घेता येते. मानेवर उपाय करावयाचा की नाही, हा निर्णय रुग्णागणिक निराळा असतो.

तो निर्णय पुष्कळदा रुग्णाच्या एका वाक्यावर अवलंबून असतो. क्षणभर हात लुळा पडणे, बोबडी वळणे, एका डोळ्यापुढे अंधारी येणे, ही लक्षणे काही मिनिटांत ओसरतात आणि विसरलीही जातात. पण अशी लक्षणे अलीकडे झालेली असून रोहिणी फार अरुंद असेल, तर मानेच्या शस्त्रक्रियेने पक्षाघात टळू शकतो, हे १९९१ साली उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने सिद्ध केले आहे. यंत्र रोहिणीची रुंदी सांगते. ओसरून गेलेले लक्षण मात्र रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनीच सांगावे लागते.