दर तासाला एक ठोका

‘हॉर्मोन’ला आपण मराठीत ‘संप्रेरक’ म्हणतो. शब्द चांगला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही चेतवणे असाच. पण मराठीच्या मास्तराला एक खोड काढावीशी वाटते. ही द्रव्ये नुसती चेतवीत नाहीत, वेळप्रसंगी दटावून गप्पही बसवतात.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तिथे जेमतेम हजार-दोन हजार मज्जापेशी अशा आहेत की घरात पाळणा हलायचा की नाही, ते त्यांच्या हाती! त्यांच्यात विजेच्या बारीक झटक्यांची लड पेटली, की जीएनआरएच नावाचे द्रव्य थोडेसे सुटते. ते पियूषिका ग्रंथीला जागे करते आणि ती अंडाशयाला. पुरुषांतही ग्रंथी निराळी, रीत हीच.

गंमत आहे ती तालाची. १९७८ साली अर्न्स्ट क्नोबिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत माकडिणींवर प्रयोग केले. हे द्रव्य तासातासाने टोचले तर पियूषिका काम करी. अखंड धार लावली तर मुकी होई!

आणि हा ताल कोण राखतो? अंडाशयातले इस्ट्रोजेन. महिन्यातले बहुतेक दिवस ते या पेशींना आवरून धरते. मात्र त्याची पातळी चढून दोनेक दिवस टिकली, की तेच त्यांना उसळवते आणि बीज सुटते. मग प्रोजेस्टेरॉन येऊन ठोके संथ करते. नवल असे, की इस्ट्रोजेनची हाक ऐकायचा मुख्य कान या पेशींना नाहीच! निरोप पोचवतात शेजारच्या ‘किसपेप्टिन’च्या पेशी. हे नाव हर्शे गावच्या ‘किसेस’ चॉकलेटांवरून पडले. आमच्या परिभाषा समितीत असे नाव सुचवायची कुणाची छाती झाली नसती.

माझ्या एका स्नेह्यांची मुलगी अठरा वर्षांची झाली तरी तिला पाळी आली नव्हती. आजीचे उपासतापास चालू, आईला टोमणे. डॉक्टरीणबाईंनी मुलीला विचारले, “बाळ, तुला मोगऱ्याचा वास येतो का ग?” घरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. तर वाचकहो, या पेशी गर्भात नाकाशी जन्मतात आणि वासाच्या नसांचे बोट धरून मेंदूत जातात. या मुलीच्या पेशी वाटेतच अडल्या होत्या. १९४४ साली या विकाराचे वर्णन करणाऱ्या कालमन यांचे नाव त्याला आहे.

“मग हिला मूल?” आजीने धीर करून विचारले.

“पुढे हवे असेल तेव्हा एक छोटा पंप लावता येतो. दर दीड तासाला एक ठोका देणारा. बऱ्याच जणींना दिवस राहतात. तोवर संप्रेरकांच्या गोळ्या.”

आजी म्हणाली, “म्हणजे पोरीचं काही चुकलं नाही, आणि सूनबाईचंही नाही.”

स्नेह्यांनी त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात गॅसची गळती ओळखणारे यंत्र बसवले. पोर इतकी वर्षे दुपारी एकटीच चहा करून घेत होती.