फॉर्मल नाइट आणि आपला कोसा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अलीकडे आमच्या चंद्रपुरातली पेन्शनर मंडळी जहाजावर सहलीला जाऊ लागली आहेत. कुणी वेकोलितून निवृत्त झालेले, कुणी औष्णिक वीज केंद्रातून, कुणी बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून, तर कुणी माझ्यासारखे शाळामास्तर. ज्या मुलखात समुद्र न बघता पिढ्या गेल्या, तिथली माणसं क्रूझवर जातात याचं मला कौतुक वाटतं. मुलगा नाहीतर मुलगी बाहेरगावी असते, ती तिकीट काढून देते. मग प्रवासाचे कागद हातात पडतात आणि त्यात एक शब्द असतो: फॉर्मल नाइट. मी दोनदा जाऊन आलो हे ठाऊक असल्यामुळे फोन मला येतात. "सर, सूट शिवावा लागते का?" "हिला गाऊन घालावा लागते म्हणतात, खरं का?" नागभीडच्या एका गृहस्थांनी तर जाणंच रद्द करायचं ठरवलं होतं. लोकांनी कपड्यांकडे बघत राहायचं आणि आपण मान खाली घालून जेवायचं, त्यापेक्षा घरचा वरण-भात बरा, असं त्यांचं म्हणणं. मला ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं नाही. ताटावर बसलेल्या माणसाला अवघडल्यासारखं होणं ही साधी गोष्ट नाही.

तर आधी हा प्रकार काय ते सांगतो. सात रात्रींचा प्रवास असेल तर त्यातल्या एक किंवा दोन रात्री 'फॉर्मल' असतात. त्या रात्री जहाजाच्या मुख्य भोजनगृहात ठेवणीतले कपडे घालून यावं अशी अपेक्षा असते. पुरुषांनी डिनर जॅकेट आणि काळा बो टाय, किंवा नुसता गडद रंगाचा सूट आणि टाय. बायकांनी लांब गाऊन किंवा त्या तोलामोलाचं काही. पहिल्याच रात्री हा समारंभ सहसा ठेवत नाहीत. बंदरावर तुमच्या बॅगा जहाजाचे लोक ताब्यात घेतात आणि त्या खोलीपर्यंत पोचायला कधीकधी रात्र होते. मग नटायचं कशानं? ज्या दिवशी जहाज एखाद्या गावी थांबतं त्या दिवशीही शक्यतो नसतो, कारण माणसं उन्हातान्हात हिंडून दमलेली असतात. दिवसभर पाणीच पाणी, जायला कुठं जागा नाही, असा दिवस त्यासाठी निवडतात. संध्याकाळी फोटोवाले उभे असतात, कप्तान येऊन दोन शब्द बोलतो, आणि एरवी हाफ पँटीत हिंडणारी माणसं एकदम लग्नघरची वाटू लागतात.

आपल्या झाडीपट्टीतल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, नवी लुगडी, नवे सदरे निघतात, रात्री जेवणं आटोपून सगळे नटूनथटून नाटकाला जाऊन बसतात ते उजाडेपर्यंत. तिथं कुणी नियम लिहून लावलेला नसतो, पण मळक्या कपड्यांनी मंडईला गेलेलं कुणाच्या आईला चालत नाही. फॉर्मल नाइटचा निम्मा भाग हा असाच हौसेचा आहे.

उरलेला निम्मा भाग मात्र हौसेचा नाही, आणि भीती वाटते ती त्याची. त्याचं मूळ विलायतेत आहे. डिनर जॅकेट तसं जुनं नाही. लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांचं म्हणणं असं, की १८६५ साली युवराज एडवर्डसाठी त्यांनी घरगुती जेवणाला घालायचा एक आखूड कोट शिवला आणि तिथून हा पोशाख निघाला. अमेरिकेत तो टक्सेडो पार्क नावाच्या श्रीमंतांच्या वस्तीतून १८८६च्या सुमारास पसरला, म्हणून तिकडं त्याचं नाव टक्सेडो. या साहेबी पोशाखात एक चीज आपलीही आहे. कोटाखाली पोटावर जो रेशमी पट्टा बांधतात त्याला इंग्रज 'कमरबंड' म्हणतात. तो आपला कमरबंद. हिंदुस्थानातल्या उकाड्यात साहेबाला वास्कीट सहन होईना, म्हणून त्यानं इथला कमरपट्टा उचलला. तांबड्या समुद्रातून जाताना तर ते कोटही काढून ठेवत आणि नुसता सदरा-कमरबंद घालून जेवायला बसत. शिस्तीला अशी उन्हाची सूट मिळायची.

मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या जुन्या बोटींवर हे सगळं मोठ्या कडकपणानं पाळलं जाई. आपल्या माणसाची त्यात कशी कोंडी होई हे गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून निघाले. दुसऱ्या वर्गात मजमुदार नावाचे एक वकील सोडले तर सगळे इंग्रज. काट्या-चमच्यानं खायची सवय नाही आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचं धैर्य नाही. म्हणून अठरा वर्षांचा हा मुलगा भोजनगृहात जाईच ना. बरोबर घेतलेली मिठाई आणि फळं खोलीतच बसून खाई. आखूड कोट त्याला असभ्य वाटत होता. पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायचा म्हणून मुद्दाम राखून ठेवला आणि किनाऱ्यावर पाहतो तो तसा पांढरा वेश दुसऱ्या कुणाचाच नाही. हाच माणूस त्रेचाळीस वर्षांनी, नोव्हेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेच्या वेळी बकिंगहॅम राजवाड्यात पंचा आणि शाल अशा वेशात चहाला गेला.

साहेबाला नावं ठेवताना आपण एक विसरतो. जेवायला बसण्याचा पोशाख आपल्याकडेही होता, आणि तो डिनर जॅकेटपेक्षा कितीतरी कडक होता. त्याचं नाव सोवळं. ब्रह्मपुरीला माझ्या आजीच्या घरी पुरुष मुकटा नेसल्याशिवाय पाटावर बसत नसत. मुकटा म्हणजे जाड्याभरड्या रेशमाचं वस्त्र, आमच्याकडे ते कोशाचं असे. सुती धोतर रोज धुऊन, कुणाचा हात न लागता वाळवलं तरच सोवळ्यात चाले. रेशमाला आणि धाबळीला शास्त्रानं सवलत दिलेली. माजघरात उंच दांडीवर तो मुकटा असायचा. काठीनं वर टाकायचा, काठीनंच खाली घ्यायचा. आम्हा पोरांचा चुकून हात लागला की ओरडा बसे.

आता हा कोसा येतो कुठून, तेही सांगितलं पाहिजे. तो आपल्याच जंगलातला. ऐन, ज्याला आपण येन म्हणतो, आणि अर्जुन, म्हणजे आपला कहू, या झाडांच्या पाल्यावर टसरचा किडा वाढतो. तुतीच्या रेशमाचा किडा घरात, सुपात वाढवता येतो. हा मात्र उघड्या रानात झाडावरच राहतो. पावसाळ्यात अंडी फुटून अळ्या निघाल्या की राखणदार घरदार सोडून रानात मुक्काम ठोकतो. पाखरं, मुंग्या, गांधीलमाश्या सगळे त्या अळीवर टपलेले. एका झाडाचा पाला संपला की अळ्या दुसऱ्या झाडावर न्याव्या लागतात. महिना-दीड महिन्यानं, कधी त्याहून उशिरा, अळी स्वतःभोवती सुपारीसारखा टणक कोश विणते, त्याला देठही असतो. कोश सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करायचे, चार-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढायचे आणि उघड्या मांडीवर वळून त्यांचा धागा करायचा. मांडीची सालटं निघतात. अलीकडे यंत्रं आली आहेत, पण पिढ्यान् पिढ्या बायकांनी हे मांडीवरच केलं. आरमोरीच्या बाजूला हा धंदा मुख्यतः ढिवर समाजाचा, आणि विणकाम कोष्ट्यांचं.

आजी धागा स्वतः विकत घेऊन कोष्ट्याकडे देत असे. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी तो धागा घेऊन येणारी ढिवराची बाई मला आठवते. ती अंगणात उभी राही. धागा ओसरीच्या कडेला ठेवायचा आणि मागं सरायचं. आजी त्यावर पाणी शिंपडून मग उचले. पैसे वरून टाकले जात. आजी वाईट बाई नव्हती. ती त्या बाईला जेवू घाली, पण अंगणात, पत्रावळीवर. जिच्या मांडीवर वळलेला धागा नेसून आमच्या घरचे पुरुष शुद्ध होत, तिला त्या पंगतीपासून वीस हात लांब बसावं लागे. कोशात अळी उकळून मारलेली असते, हेही कुणी मनात आणत नसे. जहाजावरचा बो टाय निदान विकत मिळतो, भाड्यानंही मिळतो. सोवळं पैसे टाकून मिळत नव्हतं. जन्म पाहूनच पाट मांडला जाई.

म्हणून मला १६ ऑक्टोबर १९५६चा चंद्रपूरचा दिवस कपड्यांच्या दृष्टीनंही मोठा वाटतो. नागपूरनंतर दोनच दिवसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं धम्मदीक्षेचा सोहळा केला. आजही ऑक्टोबरच्या मध्याला दीक्षाभूमीवर पांढऱ्या वस्त्रांची गर्दी लोटते. गावोगावच्या बाया स्वच्छ पांढऱ्या लुगड्यात येतात आणि एकत्र बसून जेवतात. तो पोशाख ज्याचा त्यानं आपणहून घातलेला असतो आणि तो कुणालाही अंगणात उभं करत नाही. तिकडं भामरागडच्या रानात उलट्या बाजूनं असंच घडलं. १९७३ साली हेमलकशाला गेलेल्या डॉ. प्रकाश आमट्यांनी पाहिलं की माडिया माणसाच्या अंगावर पुरतं वस्त्र नाही. त्यांनी स्वतःचा वेश बनियन आणि आखूड चड्डीवर आणला. समोरचा बुजू नये म्हणून कपडे उतरवणं हासुद्धा मला शिष्टाचारच वाटतो, आणि तो फार थोड्यांना जमतो.

आता फोन करणाऱ्या मंडळींना माझं उत्तर. सूट शिवू नका. गाऊनच्या भानगडीत पडू नका. स्वतःच्या देशाचा ठेवणीतला पोशाख बहुतेक जहाज कंपन्या मानतात. तरी तिकिटासोबतचे कागद एकदा वाचून घ्यावेत, कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. क्युनार्डसारखी जुनी इंग्रजी कंपनी संध्याकाळी सहानंतर पोशाखाकडे लक्ष देते. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं २०००च्या सुमारास हे बंधनच जवळजवळ काढून टाकलं. मुंबईहून २००५ मध्ये 'सुपरस्टार लिब्रा' फिरू लागली, २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया'ची फेरी सुरू झाली. अशा जहाजांवर आपलेच लोक भरलेले असल्यामुळे साडी-शेरवानीचं कुणाला अप्रूप नसतं. आणि कुठल्याही मोठ्या जहाजावर ज्याला नटायचं नाही त्यानं खुशाल बुफेत जाऊन जेवावं, तिथं कुणी हटकत नाही.

पण मी म्हणतो, जावं. बायकांनी कोशाची करवती साडी नेसावी. विदर्भाची ही खास साडी. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते आणि काठ व अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतवलेले असतात. पुरुषांनी कोशाचा बंद गळ्याचा कोट आणि गडद पँट घालावी, नाहीतर कुडता आणि वर जाकीट. पायात बूट किंवा मोजडी, स्लिपर नको. माझ्या पत्नीच्या साडीचा काठ आमच्या टेबलावरच्या गोव्याच्या वाढप्यानं लगेच ओळखला, त्याची बायको नागपूरकडची निघाली. गोव्याच्या माणसांची जहाजावरची नोकरी पिढ्यान् पिढ्यांची. काळा बो टाय त्याच्याही गळ्यात होता, फक्त तो उभा होता आणि आम्ही बसलो होतो. त्याच्याशी दोन वाक्यं मराठीत बोलावीत. आठ-नऊ महिने घराबाहेर असतात ही पोरं.

कपड्यांची काळजी थोडी घ्यावी लागते. खोलीत इस्त्री न्यायला बंदी असते, आगीच्या भीतीनं. बॅगेत सापडली तर काढून ठेवतात. कोशाला चुण्या लवकर पडतात, म्हणून साडी घडी न घालता जुन्या सुती धोतरात गुंडाळी करून न्यावी, किंवा जहाजावर इस्त्रीला टाकावी. भोजनगृहात थंडी वाजेल इतकं एसी असतं, शाल हवी. डेकवर वाऱ्यानं पदर उडतो, पिना जास्त घ्या.

आणि विकत घेताना बघून घ्या. कोसा म्हणून पुष्कळ दुकानांत भलतंच काही खपवतात. पदराच्या टोकाचा एक धागा जाळून बघावा. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची गोळी होते. २००४ पासून सिल्क मार्कची पट्टीही मिळते, ती असेल तर उत्तमच. हातमागाची खरी साडी महाग पडेल. घासाघीस करण्याआधी धागा आरमोरीचा आहे का, विणली नागभीडला की आंधळगावला, हे दुकानदाराला विचारा. जो सांगू शकेल त्याच्याकडून घ्या.