पोर्तोची चर्च : आधी दगड, मग सोने, शेवटी निळाई

(शहरे आणि श्रद्धास्थाने : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण लिस्बनमध्ये होतो. आता उत्तरेला, दोरू नदीकाठच्या पोर्तोत येऊ. निळ्या चित्रांनी मढवलेल्या चर्चच्या भिंती ही या शहराची ओळख. पाहणाऱ्याला त्या फार पुरातन वाटतात. प्रत्यक्षात ही निळाई सगळ्यांत उशिरा आलेली आहे.

पोर्तोचा मूळ पिंड करड्या ग्रॅनाइटचा. टेकडीवरचे ‘से’ कॅथेड्रल बाराव्या शतकात बांधायला घेतले. त्याच्या जाड भिंती आणि बुलंद मनोरे पाहिले की समोर गढीच उभी आहे असे वाटते. राजा जुआंव पहिला आणि इंग्लंडची फिलिपा यांचे लग्न १३८७ मध्ये इथेच लागले.

ग्रॅनाइट छिन्नीला सहजी दाद देत नाही. नाजूक नक्षीची हौस मग आतल्या लाकडावर भागवली गेली. साओ फ्रान्सिस्कू हे चर्च बाहेरून साधे, गॉथिक वळणाचे. आत मात्र अठराव्या शतकातले सोनेरी कोरीवकाम अंगावर येते. लाकूड कोरून त्यावर पांढरा लेप द्यायचा, त्यावर तांबड्या मातीचा हात फिरवायचा आणि मग सोन्याचा वर्ख बसवून घोटायचा, अशी ही रीत. खालच्या तांबडेपणामुळे सोन्याला उबदार झाक येते. इथल्या ‘जेसीच्या वृक्षा’त, म्हणजे येशूच्या वंशवृक्षात, निजलेल्या जेसीच्या अंगातून झाड उगवले आहे आणि त्याच्या फांद्यांवर यहूदाचे राजे आहेत. हे कोरीवकाम घडले त्या काळात पोर्तुगालमध्ये ब्राझीलच्या खाणींतले सोने येत होते. त्या खाणींत राबत होते ते गुलाम. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुसची सोनेरी वेदी पाहिलेल्यांना ही घडण ओळखीची वाटेल.

ग्रॅनाइटलाच बारोक वळण लावले ते निकोलाव नाझोनी या इटालियन कलावंताने. त्याच्या क्लेरिगुश चर्चचा सुमारे ७५ मीटर उंच मनोरा १७६३ मध्ये पूर्ण झाला.

निळ्या टाइल्स म्हणजे ‘अझुलेझू’. ‘से’च्या आतल्या चौकातल्या टाइल्स अठराव्या शतकातल्या आहेत, पण रस्त्यावरून दिसणारी प्रसिद्ध चित्रे विसाव्या शतकातली. कार्मू चर्चच्या बाजूच्या भिंतीवरचे चित्र १९१२ चे. अल्माश चॅपेल बाजारपेठेच्या ऐन गर्दीत आहे. त्यावर एदुआर्दू लाइते यांची चित्रे १९२९ मध्ये चढली. सांतू इल्देफोन्सूवरची जोर्ज कोलासू यांची चित्रे १९३२ ची. अल्माशच्या भिंतीजवळ गेले की संत फ्रान्सिसच्या झग्याची एकेक चुणी टाइलच्या सांध्यावर तुटून पुढच्या टाइलवर नेमकी जुळलेली दिसते. चित्रकाराने अठराव्या शतकाची शैली मुद्दामच उचलली आहे, त्यामुळे काळाचा अंदाज हमखास चुकतो. पाऊसपाण्यापासून भिंतीचा बचाव होतो, हा टाइल्सचा वेगळा फायदा.

पुढील आठवड्यात लापा चर्च. १८३२-३३ च्या यादवीतल्या वेढ्यात पोर्तो माजी राजा दों पेद्रूंच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी आपले हृदय या शहराच्या नावे केले. ते आजही पाच चाव्यांच्या बंदोबस्तात लापा चर्चमध्ये आहे.