जखमेचे माप आणि छायाचित्राचे गणित

महिनोन्‌महिने न भरणारी जखम सुधारत आहे की चिघळत आहे, हे नुसत्या नजरेने ठरवणे कठीण असल्यामुळे तिचे क्षेत्रफळ ठरावीक अंतराने मोजून नोंदवणे हा उपचाराचाच भाग मानला जातो. मधुमेही रुग्णांच्या पायावरील जखमांबाबत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, चार आठवड्यांत निम्म्याहून अधिक आक्रसलेल्या जखमांपैकी सुमारे ५८ टक्के बाराव्या आठवड्यापर्यंत भरून आल्या, तर त्याहून कमी आक्रसलेल्यांपैकी जेमतेम ९ टक्के भरल्या. म्हणजे उपचार बदलायचा की नाही, याचा कौल महिन्याभरातच मिळू शकतो. मात्र त्यासाठी माप विश्वासार्ह हवे.

प्रचलित पद्धतीत परिचारिका ड्रेसिंग बदलताना पट्टीने लांबी व रुंदी मोजते आणि त्यांचा गुणाकार करते. चार सेंटिमीटर लांब व तीन सेंटिमीटर रुंद अशा लंबगोल जखमेचे क्षेत्रफळ या हिशेबाने १२ चौरस सेंटिमीटर येते, प्रत्यक्षात ते सुमारे ९.४ असते. पारदर्शक कागदावर कडा गिरवून आलेख कागदावरील चौकोन मोजल्यास ही चूक टळते, परंतु कागद जखमेवर टेकवावा लागतो आणि वेळही जातो.

डिजिटल पद्धतीत जखमेलगत माहीत असलेल्या मापाची चौकोनी चिकटपट्टी लावून छायाचित्र घेतात. दोन सेंटिमीटरच्या पट्टीच्या एका बाजूने छायाचित्रात २०० पिक्सेल व्यापले, तर एका चौरस सेंटिमीटरात १०,००० पिक्सेल बसतात. मग जखमेचे पिक्सेल मोजले की क्षेत्रफळ हाती येते. जखमेचे पिक्सेल कोणते हे ठरवण्याचे काम मशीन लर्निंगचे आहे. तज्ज्ञांनी कडा आखून दिलेली असंख्य छायाचित्रे पाहून संगणकीय जाळे ही सीमा ओळखायला शिकते; जर्मनीतील फ्रायबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेली यू-नेट ही रचना या कामी सर्रास वापरली जाते. रंग व पोत यांवरून लाल नवे मांस, पिवळट मृत थर आणि काळी कुजलेली ऊती वेगळी करण्याची पद्धत खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनीही २०१४ मध्ये मांडली होती.

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीसारख्या तालुक्यात या तंत्राचे खरे मोल रुग्णाला पुढे केव्हा पाठवायचे, या निर्णयात आहे. येथील उपजिल्हा रुग्णालयातून रुग्ण हिंगोली किंवा नांदेडला जायचा, तर त्याची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही. त्यामुळे आठवड्यागणिक मोजलेल्या क्षेत्रफळाचा आलेख हाताशी असला, तर अनावश्यक फेरा टळतो आणि आवश्यक फेरा लांबत नाही. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने तळवा बधिर झालेल्या माणसाला जखम दुखत नसल्याने तर हा आलेखच वेदनेची जागा घेतो.

यंत्राच्या मर्यादाही इथल्याच मातीतल्या आहेत. हिंगोली जिल्हा हळदीचा असून वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घरोघरी जखमेवर हळद दाबली जाते आणि तिचा पिवळा डाग रंगावर विसंबणारी प्रणाली मृत थर समजू शकते. आयोडीनचा तपकिरी रंग, शेतातली माती आणि खिडकीतून येणारे तिरपे ऊनही असाच घोळ घालतात. टाचेच्या गोलाईवर कॅमेरा तिरपा धरला, तर जखम प्रत्यक्षाहून लहान दिसते. लांबीच्या प्रमाणात दहा टक्के चूक झाली, तरी क्षेत्रफळ सुमारे वीस टक्क्यांनी चुकते. शिवाय प्रामुख्याने गोऱ्या त्वचेच्या छायाचित्रांवर शिकलेल्या प्रणालीला सावळ्या कातडीवरील जखमेची कड आणि भोवतालची लाली ओळखणे जड जाऊ शकते. खोली व कडेखालची पोकळी तर सपाट छायाचित्रात येतच नाही.

म्हणूनच जखम धुवून, चिकटपट्टी जखमेच्याच पातळीत लावून, दर वेळी त्याच उजेडात व सरळ कोनातून छायाचित्र घेण्याची शिस्त महागड्या यंत्राहून आधी हवी. ती असेल तर साधा मोबाईलही तालुक्याच्या रुग्णालयाला उपयोगी पडेल. ती नसेल, तर दशांशापर्यंत दाखवलेला आकडा पट्टीने काढलेल्या मापाइतकाच फसवा ठरेल.