गादी बदलण्याची वेळ झाली हे कसे ओळखावे?

सकाळी उठताना कंबर धरते, मान आखडते, किंवा अंथरुणावर पडल्याबरोबर शिंका सुरू होतात. अशा तक्रारी घेऊन आलेले रुग्ण जाता जाता हमखास विचारतात, “डॉक्टर, गादी बदलून पाहू का?”

चंद्रपूर-गडचिरोली भागात शेती, मजुरी आणि वनोपजावर चालणाऱ्या घरात नवी गादी म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर नीट विचार करूनच द्यावे लागते. खरे तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, गादी खरोखर खराब झाली आहे का? दुसरा, तुमचा त्रास गादीमुळेच होतो आहे का? दुसरा प्रश्न विचारायचा राहून गेला, तर पैसे जातातच, पण आजार ओळखायलाही उशीर होतो.

गादी खराब होते म्हणजे नेमके काय होते?

झोपल्यावर शरीराचा सर्वांत जास्त भार कंबर आणि खांद्यांवर येतो. चांगली गादी हा भार उचलून धरते आणि पाठीचा कणा आपल्या नैसर्गिक वळणात राहतो. गादी मध्यभागी दबली की कंबर खाली जाते, कणा वाकलेला राहतो आणि स्नायू सहा-सात तास ताणलेले राहतात. सकाळी जाणवतो तो हाच ताण.

कापसाची गादी: तंतू दबतात, गुठळ्या होतात आणि एका ठिकाणी कापूस, दुसऱ्या ठिकाणी नुसती खोळ अशी अवस्था होते. पण ही गादी फेकायची गरज नसते. पिंजून, थोडा नवा कापूस घालून, खोळ बदलून भरून घेतली की ती पुन्हा नव्यासारखी होते.

फोमची गादी: फोम एकदा बसला की पुन्हा उभा राहत नाही. ऊन दाखवून किंवा वर दुसरी चादर टाकून उपयोग होत नाही. चांगल्या प्रतीचा फोम साधारण सात ते दहा वर्षे टिकतो, हलका फोम दोन-तीन वर्षांतच बसतो.

काथ्याची गादी: सुरुवातीला कडक आणि हवेशीर असते. जुनी झाली की काथ्याचा भुगा पडतो, कडा खचतात. ओल लागली तर बुरशी धरते.

म्हणून “इतकी वर्षे झाली, आता बदला” असा एकच नियम सर्व गाद्यांना लावता येत नाही. वर्षे मोजण्यापेक्षा गादी तपासलेली बरी.

घरच्या घरी पाच गोष्टी तपासा

१. खड्डा: चादर काढा. गादीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ काठी आडवी ठेवा. काठी आणि गादी यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट राहत असेल, तर गादी दबलेली आहे.

२. पलंग: तीच गादी जमिनीवर अंथरून पुन्हा काठी ठेवा. आता ती सपाट दिसली, तर दोष गादीचा नाही. बाजेची नवार सैल झाली असेल किंवा पलंगाचे प्लायवूड वाकले असेल. नवार ताणून घेणे किंवा फळी बदलणे नव्या गादीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

३. दाब: मुठीने गादी दाबा. खालची फळी हाताला लागत असेल किंवा दाबलेला भाग वर येत नसेल, तर त्या गादीचा आधार संपला आहे.

४. वास आणि डाग: कुबट वास, काळे-हिरवे ठिपके किंवा आतून ओलसरपणा.

५. शिवण: शिवणीच्या कडेला बारीक काळे ठिपके दिसले, तर ती ढेकणांची खूण असते.

यानंतर सर्वांत उपयोगी परीक्षा करा. आठवडाभर दुसरीकडे झोपा. घरातील दुसऱ्या पलंगावर किंवा बाजेवर दोन जाड सतरंज्या अंथरून झोपले तरी चालेल. दुसरीकडे सकाळ हलकी जात असेल आणि जुन्या गादीवर परतल्यावर पुन्हा कंबर धरत असेल, तर गादी बदलण्याची किंवा भरून घेण्याची वेळ झाली आहे. दोन्हीकडे सारखेच दुखत असेल, तर पैसे खर्च करू नका, आधी दवाखान्यात या.

“कडक फळीवर झोपा” हे खरे आहे का?

कंबर दुखली की घरातील मोठी माणसे गादी काढून लाकडी फळीवर झोपायला सांगतात. पूर्वी डॉक्टरही सांगत. हा सल्ला आता मागे पडला आहे. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर केलेला अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अंथरुणात आणि उठताना कमी वेदना होत्या. फळीवर खांदे आणि नितंब दाबले जातात, पण कंबरेखाली पोकळी राहते. कुशीवर झोपणाऱ्यांना त्याचा जास्त त्रास होतो.

तसेच कंबर दुखते म्हणून दिवसच्या दिवस पडून राहणेही चुकीचे आहे. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवली तर साधी कंबरदुखी लवकर बरी होते.

धूळ, ओल आणि पुरात भिजलेली गादी

जुन्या गादीत आपल्या त्वचेचे सूक्ष्म कण साठतात आणि त्यांवर डोळ्यांना न दिसणारे धुळीतील किडे वाढतात. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेमुळे ॲलर्जी असलेल्यांना शिंका, नाक गळणे आणि दमा होतो. त्यांना दमट हवा मानवते. आपल्याकडचा पावसाळा लांब आणि दमट असल्याने पावसाळ्यात आणि त्यानंतर हा त्रास वाढलेला दिसतो.

यावर उपाय सोपा आहे. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुवा. गादीला कडक ऊन दाखवा, दोन्ही बाजू उलटून. मात्र ती झटकण्याचे काम दम्याच्या रुग्णाने करू नये. गादी पिंजताना उडणारी कापसाची धूळही त्यांना त्रास देते, म्हणून ते काम घराबाहेर करून घ्यावे. एवढे करूनही अंथरुणावर पडल्यावरच दम लागत असेल आणि दुसरीकडे झोपल्यावर लागत नसेल, तर गादी बदलावी.

बुरशीचे ठिपके आलेली फोमची किंवा काथ्याची गादी वापरू नये. वरचा डाग पुसला तरी आतली बुरशी राहते.

पुरात बुडालेल्या गादीबाबत तर विचारच करू नका. पर्लकोटा नदीच्या पुरात भामरागड अनेकदा पाण्याखाली जाते. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुराने ब्रह्मपुरी, वडसा भागातील गावांत पाणी शिरले. पुराच्या पाण्यात शौचालयांचे आणि मेलेल्या जनावरांचे पाणी मिसळलेले असते. ते गादीच्या आत शिरते आणि एक-दोन दिवसांतच बुरशी वाढू लागते. वरून वाळलेली गादी आतून ओलीच असते. अशी गादी टाकून द्यावी. तोपर्यंत धुऊन वाळवलेल्या सतरंजीवर झोपणे जास्त सुरक्षित.

ढेकूण किंवा खरूज झाली तर?

यासाठी गादी फेकण्याची गरज सहसा पडत नाही.

खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन ते तीन दिवसच जगतो. घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध लावावे, कपडे आणि चादरी गरम पाण्याने धुवाव्यात आणि गादी तीन दिवस वापरू नये. एवढे पुरेसे आहे. खरूज पुन्हा पुन्हा होते ती बहुतेक वेळा गादीमुळे नाही, तर घरातील एखाद्याने औषध लावले नाही म्हणून.

ढेकूण मात्र रक्ताशिवाय काही महिने जगू शकतात आणि ते गादीपेक्षा बाजेच्या सांध्यांत, नवारीत, भिंतीच्या भेगांत जास्त असतात. नवी गादी आणून जुन्याच बाजेवर टाकली की महिनाभरात तीही भरते. खोळ आणि चादरी उकळत्या पाण्यात टाका, बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी ओता, मे महिन्याच्या उन्हात गादी दोन्ही बाजूंनी तापवा आणि आठवड्याने हे सर्व पुन्हा करा. एकदा करून अंड्यांतून निघणारी पिल्ले उरतात.

दोन गोष्टी कधीही करू नका. शेतातील कीटकनाशक गादीवर फवारू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही उघड्या शेतात. बंद खोलीत त्याच औषधावर आपण आणि लेकरे रात्रभर झोपतो, याचा विचार करा. दुसरे, धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गादीखाली किंवा खोलीत ठेवू नका. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू झोपेतच जीव घेऊ शकतो आणि त्यावर उतारा नाही.

दुखणे गादीचे नाही, हे कसे ओळखावे?

गादीमुळे होणारे दुखणे सकाळी उठताना जास्त असते, हालचाल सुरू झाली की अर्ध्या-एक तासात कमी होते आणि गादी बदलल्यावर काही आठवड्यांत जाते.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, वय चाळिशीच्या आसपास. धानाच्या रोवणीनंतर पाठ दुखायला लागली. घरच्यांना वाटले वाकून काम केल्याने झाले असेल. मग जुनी गादी काढून फोमची आणली. फरक पडला नाही, म्हणून फळीवर झोपवले. चार महिन्यांनी त्या आल्या तेव्हा विचारल्यावर कळले की संध्याकाळी अंगात कसर असते, भूक गेली आहे, ब्लाउज सैल झाले आहेत. तपासणीत मणक्याचा क्षयरोग निघाला. औषधांनी त्या बऱ्या झाल्या. पण आणखी उशीर झाला असता, तर पायांतील ताकद जाऊ शकली असती.

पुढीलपैकी एकही लक्षण असेल, तर गादीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा:

• दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते, कुठेही झोपले तरी
• ताप, वजन घटणे, भूक मंदावणे किंवा जुना खोकला
• पायांत मुंग्या, बधिरपणा किंवा ताकद कमी होणे
• लघवी-शौचावरील ताबा जाणे किंवा लघवी अडणे (त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा)
• झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे
• पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली आणि वाढत जाणारी पाठदुखी
• तरुण वयात रोज सकाळी तास-दोन तास पाठ आखडलेली राहणे

आपल्या भागासाठी आणखी दोन गोष्टी. विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. मुलाचे किंवा तरुणाचे हातपाय, पाठ वारंवार दुखत असेल तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. आणि अंगदुखीबरोबर थंडी वाजून ताप असेल तर मलेरियासाठी रक्त तपासा. क्षयरोग, सिकलसेल आणि मलेरिया या तिन्हींची तपासणी सरकारी दवाखान्यामार्फत मोफत होते.

रोवणी, तेंदूपत्ता तोडणी, मोहफुले वेचणे, खाणीतील काम, खराब रस्त्यावर दुचाकी चालवणे, यांनी दिवसभर कंबरेवर आलेला ताण कोणतीही गादी रात्रीतून काढू शकत नाही. त्यासाठी कामात अधूनमधून पाठ सरळ करणे, ओझे अंगाजवळ धरून उचलणे आणि कंबरेचे व्यायाम हेच उपाय आहेत.

नवी गादी घेण्याआधी

कोणी जमिनीवर गादी टाकून झोपत असेल, तर आधी खाट किंवा बाज घ्या, गादी नंतर. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि तो चावल्याचे अनेकदा कळतही नाही. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी साप आणि मलेरिया दोन्हींपासून वाचवते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी दबलेली गादी लगेच बदला. शक्य असल्यास हवेची गादी वापरा आणि दर दोन तासांनी कूस बदला. नाहीतर जखमा होतात. तान्ह्या बाळाला मऊ, खड्डा पडलेल्या गादीवर झोपवू नका, त्याचे नाक-तोंड दाबले जाऊ शकते.

गादी घेताना दुकानात दहा मिनिटे कुशीवर आणि पाठीवर झोपून पाहा. कंबरेखाली हात सहज आरपार गेला तर गादी जास्त कडक, हात शिरतच नसेल तर जास्त मऊ. फोम घेणार असाल तर डेन्सिटी विचारा, ३२ किंवा त्याहून अधिक असावी. “ऑर्थोपेडिक” हा शब्द पाहून जास्त पैसे देऊ नका. त्या शब्दाला ठरलेला वैद्यकीय अर्थ नाही.

थोडक्यात

खड्डा, बुरशी किंवा पुराचे पाणी असेल तर गादी बदला. कापसाची दबली असेल तर पिंजून भरून घ्या. ढेकूण-खरजेसाठी फेकू नका. आणि आठवडाभर दुसरीकडे झोपूनही दुखणे तसेच असेल, तर गादीच्या दुकानात जाण्याआधी दवाखान्यात जा.